दोन पळ्या दूध

आखितीच्या आदल्या दिवशी रतनबाईनं नव्या शेडमध्ये ओतकामाच्या सहा पेट्या एकटीनं भरल्या. वाळू चाळली, तळ्याचा गाळ मिसळला, बेताचं पाणी मारलं, ठोकून ठोकून साचे बसवले. ऊन कललं तेव्हा सहाही साच्यांची तोंडं फडक्यांनी झाकून ती हात धुवायला मागच्या टाकीवर गेली. तिथं झुंबरबाई तिची वाटच बघत होत्या.

"रतन, उद्याचं एक सांगायचं हुतं."

"बोला की, वन्सं."

झुंबरबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. थोरली नणंद, तोंडाची फटकळ. पण आज त्यांना शब्द सापडत नव्हते. "तुला कळतंच सगळं. मी काय नवं सांगनार? उद्या पुण्याचे सायेब येनार, चार पै-पाव्हनं येनार. नव्या जागंतली पयली ओत. पूजंच्या येळंला तू फुडं नको येऊस. मागं सैपाकाचं बघ. धाकटीच्या बाळाला घे. ते पोर तुझ्याबिगर ऱ्हातंय कुठं?"

"बरं," रतनबाई म्हणाली.

"मनाला लावून घिऊ नको."

"न्हाई लावत."

टाकीतलं पाणी तळाला गेलं होतं. तिनं वाटीभर पाण्यात दोन्ही हात धुतले, आणि नखांतला काळा गाळ तसाच राहिला.

पाच वर्षं झाली होती तिचा नवरा, पुंजाराम, जाऊन. या पाच वर्षांत तळ्याकाठच्या जुन्या कारखान्यात कुणी तिला मागं हो म्हटलं नव्हतं. तिथं पाहुणे कुठले येणार? खंडेनवमीला सहादेव मिस्त्री भट्टीला हळद-कुंकू वाहायचा, हत्यारांना झेंडूच्या माळा घालायचा आणि प्रसाद पहिल्यांदा तिच्याच हातावर ठेवायचा. "मालकीनबाई, वाळू तुमची," म्हणायचा, "आमी नुस्तं ओततो." साच्यांची पूजा मात्र तिथं कधी झाली नाही. पुंजारामाचा तसा दंडकच होता. भरलेल्या पेटीजवळ देवसुद्धा आणायचा नाही.

पुंजारामाच्या वडिलांनी, आप्पासाहेबांनी, श्रीगोंद्याची शेती धाकट्या भावाकडं सोडून नगरला तळ्याच्या काठी उसाचे चरक बनवायला सुरुवात केली, त्याला आता तीस वर्षं होत आली होती. तळं निजामशाहीतलं, शहराएवढंच म्हातारं. त्याचा गाळ काळा, लोण्यासारखा. वाळूत मिसळला की साचा असा धरायचा की आतला लाकडी फर्मा काढला तरी कड मोडायची नाही. रतनबाई लग्न होऊन आली ती पारनेरच्या कोरड्या बाजूची. तिच्या माहेरी हंडाभर पाण्यात सहा माणसं दिवस काढायची. तिथल्या पोरीच्या हाताला पाण्याचं माप शिकवावं लागत नाही. एकदा कामाला माणूस नव्हता म्हणून पुंजारामानं तिला वाळूवर पाणी शिंपडायला सांगितलं, आणि त्या दिवशी एकही ओत वाया गेली नाही. दुसऱ्या दिवशीही तिलाच सांगितलं. असं करत सोळा वर्षं झाली.

मग साखर कारखाने वाढले. ऊस गाडीत बसून कारखान्याला जाऊ लागला, गुऱ्हाळं बसली, चरक कुणी विचारीना. त्यातच दुष्काळ पडला. ज्याच्या त्याच्या विहिरीत सुरुंग लागू लागले, आणि ज्याला त्याला पाण्याचा पंप हवा झाला. पुंजारामाच्या धाकट्या भावानं, काकासाहेबानं, हे बरोबर हेरलं. आयटीआय झालेला, पँट घालणारा या घरातला पहिलाच. मनमाड रोडला एमआयडीसीत त्यानं प्लॉट घेतला, शेड उभारली, पुण्याच्या पंपाच्या कंपनीशी बोलणी केली. पहिला नमुना पास झाला की महिन्याला तीनशे पंपाच्या बॉड्या. शेडच्या मागं दोन खोल्याही बांधल्या. आखिती झाली की सगळं घर तिकडं हलणार होतं.

सगळं घर म्हणजे कोण कोण, हे अजून कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी दहालाच शेडचे पत्रे तापून कडकड वाजू लागले. मागच्या बाजूला आचाऱ्यानं चूल पेटवली होती. रतनबाई जावेच्या बाळाला खांद्यावर घेऊन पत्र्याच्या आडभिंतीजवळ उभी होती. आठ महिन्यांचं पोर, दात येत होते. सकाळपासून किरकिरून आता कुठं तिच्या मानेत तोंड खुपसून निजलं होतं. त्याच्या लाळेनं तिच्या चोळीचा खांदा ओला झाला होता. ती हलत नव्हती, नुसती या पायावरून त्या पायावर डुलत होती.

आडभिंतीच्या दोन पत्र्यांत चार बोटं फट होती. त्यातून सगळं दिसत होतं. पुण्याचे साहेब, गोरे, घामाघूम, रुमालानं गळा पुसत होते. काकासाहेब त्यांना फाटकाजवळ फिरवून विजेचं कनेक्शन दाखवत होता. सहादेव मिस्त्री पेट्यांकडं पाठ करून, डोळे बारीक करून आग बघत होता. शेजारच्या प्लॉटवरच्या ओतकारखान्याचे गहिनीनाथ मिस्त्री खुर्चीवर न बसता खांबाला टेकून उभे होते. नेवाशाकडचे, पन्नाशीचे गृहस्थ. उजव्या डोळ्यावर भुवईच नव्हती, त्यामुळं त्यांचा चेहरा सदा काहीतरी विचारल्यासारखा दिसायचा.

काकासाहेबाची बायको, विजयमाला, नऊवारी शालू नेसून ताट घेऊन आली. वीस-बावीसची पोर. नाकातली नथ सावरता सावरता तिच्या हातातलं ताट कलत होतं. मागं झुंबरबाई, हातात चांदीची वाटी आणि पळी.

भटजींनी भट्टीची पूजा सांगितली. नारळ फुटला. रतनबाईनं तिथल्या तिथं हात जोडले, म्हणजे एक हात. दुसरा बाळाच्या पाठीवर होता.

"आता या पयल्या साच्याला वाहा, विजू," झुंबरबाई म्हणाल्या. विजयमालेनं हळद वाहिली, कुंकू वाहिलं, फूल ठेवलं. "आनि आता ह्याच्या तोंडात दोन पळ्या दूध घाल."

"तोंडात?"

"मग? नव्या घरात चुलीवर दूध उतू घालतो न्हाई का आपन? ही बी चूलच. हिच्या तोंडात आधी दूध पडू दे, मग लोखंड. एवढ्या दुष्काळात श्रीगोंद्याहून यष्टीनं कळशी मांडीवर धरून आनलंय मी. घाल."

विजयमालेनं पहिल्या पेटीवरचं फडकं काढलं. एक पळी. दुसरी पळी. साच्याच्या तोंडातून दूध आत गेलं, पांढरी रेघसुद्धा मागं उरली नाही.

रतनबाईचं डुलणं थांबलं.

दोन पळ्या. खाली, पंपाच्या पोटात, जिथं वाळू सगळ्यात घट्ट ठोकलेली, तिथं जाऊन साचणार. त्यावर तापलेलं लोखंड पडलं की दुधाची वाफ होणार, आणि वाफेला वर यायला एकच वाट, ज्या वाटेनं लोखंड आत येतंय तीच. तिनं सहादेवकडं बघितलं. त्याची पाठ. काकासाहेबाकडं बघितलं. तो साहेबांना खुर्ची देत होता. आणि भट्टीचं तोंड उघडलं. लालभडक लोखंड लांब दांडीच्या पात्रात, लॅडलमध्ये उतरलं, आणि दांडी पुढून धरून निघाला तो गोरक्ष. झुंबरबाईंचा एकुलता एक. नवव्या वर्षी शाळेसाठी मामाच्या घरी आला तो इथलाच झाला. पहिली मूठभर वाळू त्याच्या हातात रतनबाईनंच दिली होती.

ओतताना पुढच्या माणसाला साच्यावर वाकावं लागतं.

कुणाला तरी हळूच सांगावं, तर जवळ कुणी नव्हतं. पुढं जावं, तर पुढं जायचं नव्हतं. हे सगळं तिच्या मनात एका श्वासात आलं आणि गेलं. गोरक्ष पहिल्या पेटीपाशी पोचला, गुडघ्यात वाकला.

"गोरक्षा! वतू नको!"

तो आवाज आपला आहे हे तिला नंतर कळलं. ती आडभिंतीच्या बाहेर, सगळ्यांच्या मध्ये उभी होती. गोरक्ष दचकला, दांडी हिसकली, आणि लोखंड पेटीच्या बाजूला, जमिनीवरच्या कोरड्या वाळूत सांडलं. ठिणग्या उडाल्या. लोक ओरडत मागं सरले. बाळ किंचाळून उठलं.

 वाळूत पडलेलं लोखंड लालाचं काळं होत गेलं, तेवढंच काय ते हलत होतं.

"पयली ओत मातीत," कुणीतरी म्हणालं.

झुंबरबाई हातातल्या वाटीसकट पुढं आल्या. "रतन! अगं काय केलंस हे? सांगितलं हुतं ना तुला!"

"वन्सं, साच्यात दूध हाय. पेटी मोडून बघा..."

"दोन पळ्या दूध! देवाचं!"

गहिनीनाथ मिस्त्री खांब सोडून पुढं आले. पहिल्या पेटीवर वाकून त्यांनी साच्याच्या तोंडात बघितलं. मग बाकीच्या पाच पेट्यांवरून नजर फिरवली. "ही वाळू कुनी भरलीय?" त्यांनी विचारलं. 

काकासाहेब धावत आला होता. त्याचा चेहरा उतरला होता, पण आवाज त्यानं चढू दिला नाही. "ही पेटी बाजूला घ्या. दुसरी ओता. सहादेव, चला, लोखंड गार होतंय." आणि मग साहेबांकडं वळून, हसून, शुद्ध भाषेत, "काही नाही साहेब. घरातली जुनी बाई आहे. भट्टीला घाबरली."

साहेबही हसले. "साहजिक आहे."

रतनबाई बाळाला घेऊन पत्र्याआड गेली. उरलेल्या पाचही पेट्या बिनबोभाट ओतल्या गेल्या. दुपारी फोडल्या तर पाचही बॉड्या आरशासारख्या निघाल्या. साहेबांनी हातोडीनं एकेक वाजवून बघितली आणि मान डोलावली. मागं चुलीजवळ तिला तो आवाज ऐकू येत होता. ओत चांगली निघाली की घंटेसारखी वाजते.

भट्टीला घाबरली. ती ते शब्द मनात फिरवून बघत होती. दुखत होतं, पण कुठं, ते सापडत नव्हतं.

*

जेवणं झाल्यावर ती भांडी राखेनं घासत होती. पाणी नव्हतंच. गोरक्ष आला आणि उकिडवा बसला. त्याची बोटं काळी होती.

"मामी."

"जेवलास का?"

"ती पेटी मी मागं नेऊन मोडली. कुनी बघितलं न्हाई." तो इकडंतिकडं बघून हळू बोलत होता. "तळाला चिखल झाल्ता, मामी. वाळू न्हाई, नुस्ता चिखल. वतलं असतं तर..." त्यानं हात तोंडासमोर नेला.

रतनबाईनं घासायचं थांबवलं. "मामाला सांगितलंस?"

"न्हाई."

"सांग मग."

"मामी..." त्याचे डोळे भरून आले. एकोणीस वर्षांचा, मिसरूड फुटलेला पोरगा, पण ओठ तसाच वाकडा झाला, जसा नवव्या वर्षी आईची एसटी सुटली तेव्हा झाला होता. "आई हाय ती माझी. तिनंच घालाय लावलं ते दूध. तिला कळलं की तिच्या हातनं मी... तिला झोप यायची न्हाई कधी. धा ठिकानी नवस केलं तवा मी झालो म्हनती ती. तुमी तिला सांगू नका. कुनालाच नका सांगू. माझ्या गळ्याची आन हाय."

तिनं त्याच्याकडं बघितलं. आपल्याकडं काय मागतोय हे या पोराला कळतंय का? नसावं. एकोणिसाव्या वर्षी माणसाला आपल्या मागण्याचं वजन कळत नाही.

"तुझ्या हाताला फोड आलाय," ती म्हणाली. "खोबरेल लाव."

*

संध्याकाळी सगळे टेम्पोनं तळ्याकाठच्या घरी आले. पाहुणे गेले होते. अंगणात घोंगडं टाकून घरची तेवढी माणसं बसली. समोर तळं. तळं कसलं, भेगाळलेली काळी जमीन आणि मध्ये परातीएवढा ओलावा, त्यात दोन बगळे. आमरसाची पातेली मध्ये ठेवली होती, पण कुणी वाढून घेत नव्हतं.

"साहेबानं आर्डर दिली," काकासाहेब म्हणाला. "महिन्याला तीनशे."

"देवाची कृपा," झुंबरबाई म्हणाल्या. "एवढं इघ्न यिऊनबी दिली. आता फुडचं बोला. इतवारी सामान हलवायचं. तिकडं दोनच खोल्या. कोन कुठं ऱ्हानार?"

"सगळेच जाऊ की," विजयमाला पटकन म्हणाली. ती बाळाला मांडीवर थोपटत होती आणि ते झोपायला तयार नव्हतं. "आक्का नि मी एका खोलीत. बाळाला आक्का लागत्यात."

"तुला लेकरू सांभाळाय यायचं कधी मग? आई तू हायेस का ती?"

विजयमालेनं मान खाली घातली. झुंबरबाई काकासाहेबाकडं वळल्या. "मी वाईट बोलती म्हनून समदी मलाच नावं ठिवतील. पर आज जे झालं ते समद्यांनी बघितलं. पुंजाराम माझा भाऊ हुता, ही माझ्या भावाची बायको हाय, मला काय तिचं वाईट बघायचंय? पर धंद्याची जागा हाय. उद्या तिथं रोज कुनी ना कुनी येनार. ही कारखान्यात फिरनार, मधीच काय वरडनार. लोकं नाव ठिवत्याल, कामगार बिथरत्याल. ही जागा बी कुनीतरी राखायला पायजेच. रतन हितं ऱ्हाईल. गाळ काढून देईल. तिला बी निवांत."

"ताई, वाळू वहिनीच..." काकासाहेबानं सुरुवात केली. 

"वाळू मिसळायची मशीन मिळती म्हनालास ना तू परवा?"

"मिळते."

"मग?"

काकासाहेबानं बोटानं घोंगड्यावरची काडी उचलली, मोडली. "वहिनी, तुमी सांगा. का ओरडलात तुमी? खरंच काय होणार होतं का? का..." तो थांबला. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं, हे तिला दिसलं. आज पहिल्यांदा कुणीतरी विचारत होतं. एक वाक्य पुरलं असतं. पेटी मोडून गोरक्षानं बघितलंय, त्याला विचारा.

तिनं गोरक्षाकडं बघितलं. तो रिकाम्या ताटात बोट फिरवत होता. त्याची मान इतकी खाली गेली होती की नुसते केस दिसत होते.

"बोल की," झुंबरबाई म्हणाल्या. "तुला काय वाटलं तवा?"

झुंबरबाईंच्या कपाळावर सकाळचं कुंकू घामानं ओघळलं होतं. दिवसभर त्या उपाशी होत्या; मुलाच्या नावानं संकष्टी, एकादशी, सोमवार, सगळं धरत, आणि आज तर पहिली ओत त्याच्या हातून होणार म्हणून पाणीही प्यायल्या नव्हत्या. एका वाक्यात ही बाई मोडेल. रतनबाईला ते अगदी स्पष्ट दिसलं, साच्याची कड मोडताना दिसते तसं. आणि तिला त्याची एक क्षण गोडीही वाटली, हे तिनं पुढं स्वतःपासून कधी लपवलं नाही.

"काय न्हाई," ती म्हणाली. "भ्या वाटलं."

विजयमालेनं झटकन वर बघितलं. दूध तिच्याच हातानं गेलं होतं. "आक्का, खरं सांगा. दुधामुळं काही..."

"दुधानं काय व्हतंय? देवाचं दूध." तिनं पातेलीतली पळी उचलली. "वन्सं, रस घ्या. उपाशी हाय तुमी सकाळधरनं. मी ऱ्हाते हितं."

झुंबरबाईंनी वाटी पुढं केली. रस वाढून घेताना त्यांनी रतनबाईच्या मनगटावर हात ठेवला, क्षणभरच. "तू गुनाची हायेस," त्या म्हणाल्या. "म्हनून तर तुला हक्कानं बोलती मी."

*

इतवारी सामान गेलं. तीन खेपा झाल्या. बाळासाठी म्हणून झुंबरबाईही तिकडंच राहायला गेल्या. शेवटच्या खेपेला विजयमाला टेम्पोत पुढं बसली आणि बाळानं दोन्ही हात बाहेर काढले. ते रडलं नाही. त्याला वाटलं असावं, ही मागून येतेय.

नंतरचे दिवस रतनबाईला मोजता आले नाहीत. सकाळी ती सवयीनं सगळ्यांपुरतं पीठ मळायला घ्यायची आणि मग अर्धं परत डब्यात सारायची, ओलं झालेलं. जुन्या भट्टीत चिमण्यांनी काड्या आणल्या. दुपारी खांद्याला उगाच रग लागायची, ज्या खांद्यावर पोर असायचं त्या. संध्याकाळी ती तळ्यात उतरायची, भेगांतून चालत जायची, दोन पाट्या गाळ खणून ठेवायची. गोरक्ष दर तिसऱ्या दिवशी टेम्पो घेऊन यायचा. घाईत असायचा. मशीन आलंय म्हणायचा. मग एक दिवस म्हणाला, विसातल्या सात ओती भोकं पडून गेल्या. मग म्हणाला, नऊ.

"मामा म्हनत्यात, तुमाला सकाळच्या पारी मागच्या दारानं आनत जाऊ का. कुनी यायच्या आत. वाळू तेवढी बघा, मी परत सोडीन."

"मागच्या दारानं," ती म्हणाली.

"व्हय. आईला कळायच्या आत."

तिनं गाळाची पाटी उचलून टेम्पोत टाकली.

दुसऱ्याच दिवशी गहिनीनाथ मिस्त्री सायकलवरून आले. सायकल लिंबाला टेकवून त्यांनी तळ्याकडं बघितलं, गाळाच्या ढिगाकडं बघितलं. पाणी प्यायले. "गाळ इकता का, बाई?"

"गाळ तळ्याचा. न्या की हवा तेवढा."

"नुस्ता नेऊन काय करू? त्या दिवशी त्या पाच पेट्या बघितल्या मी. तुमी भरल्या म्हनं, सहादेवनं सांगितलं. तसला हात माझ्याकडं न्हाई." त्यांनी भुवई नसलेली जागा अंगठ्यानं चोळली. "माझ्या साच्यात पावसाचं पानी गेल्तं. ओंजळभर. धाकटा भाऊ दांडीला पुढं हुता, मी मागं. मला एवढंच लागलं." त्यांनी तळ्याकडं तोंड फिरवलं. "तुमच्या पूजंच्या दिवशी तिथं कुनी बोललं न्हाई. मी बी न्हाई. पाव्हना हुतो. पर घरी जाऊन जेवान ग्वाड लागलं न्हाई मला."

रतनबाईनं दाराची चौकट धरली होती. पंधरा दिवसांत तिच्याशी एवढं सलग कुणी बोललं नव्हतं.

"रोजावर याल का? आमच्यात तीन बाया हायेत कामाला. पर तुमच्या घरच्यांला..."

"पूजा करता का तुमी? खंडेनवमीला?" तिनं विचारलं.

"करतो की."

"तवा मी कुठं उभं ऱ्हायचं?"

गहिनीनाथांना प्रश्न कळायला जरा वेळ लागला. मग ते म्हणाले, "पेट्यांजवळ. दुसरं कुनी तिथं फिरकू नये म्हनून."

*

पुढच्या खेपेला गोरक्ष आला तेव्हा ती तयार होती. धुतलेलं लुगडं, हातात फडक्यात बांधलेली भाकरी. गाळ भरून झाल्यावर ती टेम्पोत पुढं चढून बसली.

गोरक्षाचा चेहरा उजळला. "येताय मामी? मामा लई खूश हुतील! विजूमामी तर... बाळाला दोन दात आलेत, माहितीय का? काल माझ्या बोटाला चावलं." वाटभर तो बोलत होता. मशीनला शिव्या देत होता, पुण्याच्या साहेबाची नक्कल करत होता. रस्त्याच्या कडेला दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायांच्या ओळी लागल्या. चांगल्या घरच्या, डोक्यावर पदर घेतलेल्या, हातोडा मारताना बांगड्या मागं सारणाऱ्या. रतनबाई त्यांच्याकडं बघत होती.

आपल्या फाटकाशी त्यानं टेम्पो वळवायला वेग कमी केला. "मागच्या अंगानं घिऊ का? आई पुढं निवडत बसली असंल."

"हितंच थांब."

ती उतरली. गाठोडं सावरलं.

"मामी, फाटक हिकडं हाय."

"ते तुमचं. मी गहिनीनाथांकडं कामाला लागलीय. आजपास्नं."

गोरक्ष बघतच राहिला. टेम्पोचं इंजिन थरथरत होतं. "शेजारी? आपल्या घरची बाई, दुसऱ्याच्या... मामा काय म्हनतील? आई काय म्हनंल?" आणि मग, आवाज अगदी बारीक करून, "माझ्यामुळं ना?"

त्याला नाही म्हणावं असं तिला वाटलं. पण आता खोटं बोलायचा तिला कंटाळा आला होता.

"थोडं तुझ्यामुळं," ती म्हणाली. "वाळूला पानी कमी मार. मशीन पानी लपवतं. जा, गाळ वाळंल."

पुढचं फाटक शंभर पावलांवर होतं. मधल्या तारेपलीकडं त्या दोन खोल्या, दोरीवर वाळत घातलेली दुपटी. तिनं तिकडं न बघता चालायचं ठरवलं होतं. पण बघितलं नाही तरी ऐकू येतंच. बाळ रडत होतं. भुकेचं रडणं नव्हतं, झोपेचं होतं. खांद्यावर घेऊन दोन फेऱ्या मारल्या की निजतं, तसलं. विजयमाला आत काहीतरी गुणगुणत होती, घाईघाईत, चुकीच्या लयीत.

रतनबाई तिथं उभी राहिली. रडणं चढलं, मग उतरलं, हुंदक्यावर आलं, हळूहळू थांबलं. विजूला जमलं.

मग तिनं पदर खोचला आणि गहिनीनाथांच्या फाटकाची कडी आपल्या हातानं काढली.